बुद्धिबळाच्या जुन्या पटांची परीक्षा : अखेरीच्या डावाची साक्ष

१

बुद्धिबळाचे पट काढलेलीं सुटीं पानें जुन्या दप्तरांतून व बाडांतून अधूनमधून हातीं येतात. त्यांची वाट बहुधा दोहोंपैकीं एका प्रकारें लागते. संग्राहक स्वतः खेळणारा नसला तर तीं पानें किरकोळ कागदांत बांधून ठेवितो. तो खेळणारा असला तर आजच्या नियमांनीं डाव मांडून पाहतो, आणि उत्तर जुळलें नाहीं म्हणजे लेखकाची चूक समजून एखादें मोहरें हलवितो किंवा गाळतो. पहिल्या प्रकारांत पान निदान शाबूत राहतें. दुसऱ्यांत पुरावाच नाहींसा होतो. या दुसऱ्या प्रकाराची चिकित्सा करावी, आणि अशा पानाची परीक्षा कोणत्या कसोटीनें करावी हें सांगावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. ती कसोटी म्हणजे डावाचा शेवट. डाव कसा मांडीत यापेक्षां तो कसा संपला असें मानीत, यावरून पान कोणत्या परंपरेचें आहे हें अधिक निश्चितपणें कळतें, असें आमचें म्हणणें आहे.

हा विषय आतां मांडण्यास निमित्तही आहे. नागपूरच्या दिव्या देशमुख यांनीं २८ जुलै २०२५ रोजीं बातुमी येथें कोनेरू हंपी यांस हरवून स्त्रियांचा विश्वचषक जिंकला. त्यामुळें वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील लोकांचें लक्ष या खेळाच्या पूर्वेतिहासाकडे जावें हें स्वाभाविक आहे. परंतु अभिमान आला कीं प्राचीनत्वाचा मोह येतो, आणि मोहाच्या भरांत कागदाला त्याच्या अंगीं नसलेलें वय चिकटतें. भंडारा जिल्ह्याच्या बाबतींत ही सावधगिरी विशेष हवी. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांत होता. १८५३ सालीं तिसरे रघूजी निवर्तल्यावर तें राज्य खालसा झालें. नागपुराहून रायपुराकडे जाणारा रस्ता भंडाऱ्यावरून जातो. तुमसराच्या उत्तरेस बालाघाटचा हिंदी मुलूख लागतो. १ मे १९९९ पर्यंत या जिल्ह्यांतच असलेल्या गोंदियाच्या पलीकडे छत्तीसगड आहे. तेव्हां येथील बाडांत सांपडलेलें पान मराठी चालीचें असेल, हिंदुस्थानी चालीचें असेल, अथवा छापील इंग्रजी पुस्तकावरून उतरलेलें असेल. पान कोठें सांपडलें यावरून यांतील एकही गोष्ट ठरत नाहीं.

२

आजवरच्या इतिहासकारांनीं या खेळाचा शोध बहुतांशीं आरंभाच्या बाजूनें केला. सर विल्यम जोन्स यांचा निबंध १७९० सालचा आहे. त्यांच्या मागून हायरम कॉक्स आले; आणि १८६० सालीं डंकन फोर्ब्स यांनीं मोठा ग्रंथ लिहून असें प्रतिपादन केलें कीं, चौघांनीं फांसे टाकून खेळावयाचा चतुरंग हा मूळ खेळ असून तो इ. स. पूर्वीं सुमारें तीन हजार वर्षें चालू होता. या सिद्धांताचा मुख्य आधार व्यास-युधिष्ठिर संवादाचा एक उतारा होता. तो भविष्यपुराणांतला म्हणून सांगितला गेला. प्रत्यक्षांत तो बंगालच्या रघुनंदनाच्या तिथितत्त्वांत, म्हणजे सोळाव्या शतकाच्या ग्रंथांत, मिळतो. वेबर यांनीं संस्कृत साधनें पुन्हा तपासलीं, व्हान डर लिंडे यांनीं १८७४ सालीं फोर्ब्सचें सारें कालगणित मोडून काढलें, आणि १९१३ सालीं मरे यांच्या नऊशेंहून अधिक पृष्ठांच्या इतिहासानें त्या वादावर शेवटचा पडदा टाकला.

फोर्ब्स यांची चूक केवळ तारखेची नव्हती. खेळाच्या नांवावरून व मोहऱ्यांच्या नांवांवरून खेळाचें वय काढतां येतें, असें त्यांनीं गृहीत धरलें. वस्तुतः नांवें चालीपेक्षां फार टिकाऊ असतात. बाणभट्टाच्या हर्षचरितांत, म्हणजे सातव्या शतकांत, अष्टापद व चतुरंग हे शब्द येतात. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासांत, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, क्रीडाविंशतींत या खेळाचें प्रकरण आहे. मूळच्या पैठणकर भट्ट घराण्यांतील काशीस्थ नीळकंठभट्टानें सतराव्या शतकांत नीतिमयूखांत बुद्धिबळाचे नियम दिले. शब्द तेच, पटाचीं चौसष्ट घरें तींच. तथापि या सर्वांच्या पटावर आजचा डाव मांडला तर तो चालणार नाहीं.

नांवाच्या बाबतींत एक खळगा तर आमच्या भागांत पदोपदीं आहे. मराठींत हत्ती म्हणजे कोपऱ्यांतलें, सरळ चालणारें मोहरें. फारशी वळणाच्या लिखाणांत "फील" म्हणजेही हत्तीच. परंतु तो आमचा उंट होय, आणि कोपऱ्यांतल्या मोहऱ्यास तेथें "रुख" म्हणतात. बंगालींत गज म्हणजे उंट व कोपऱ्यांत नौका. तेव्हां एखाद्या पानावर "ह" किंवा "फी" असें अक्षर असलें तर तें कोणत्या मोहऱ्याचें, हें अक्षरावरून ठरत नाहीं. डाव खेळून पाहिल्यावरच ठरतें.

घोड्याचीही साक्ष अशीच निरुपयोगी आहे, जरी कारण वेगळें आहे. पटाच्या प्रत्येक घरांत एकेक अक्षर लिहिलेलें पान मिळालें म्हणजे तो डाव नसून बहुधा तुरगपदबंध असतो : घोड्यानें प्रत्येक घरीं एकदांच जाऊन सर्व पट फिरावयाचा. नवव्या शतकांतील रुद्रटाच्या काव्यालंकारांत अर्ध्या पटाचा, बत्तीस घरांचा, असा बंध आहे. नीतिमयूखांतही घोड्याचें पटभ्रमण दिलें आहे. हे बंध मनोरंजक खरे, पण घोड्याची चाल हजार वर्षांत बदललेलीच नाहीं. म्हणून त्या चालीवरून काळ निघत नाहीं. जें बदललें तेंच काळाची साक्ष देऊं शकतें.

३

बदललें काय? वजीर व उंट यांच्या चाली बदलल्या; प्याद्याची पहिली चाल व त्याची बढती यांचे नियम ठिकठिकाणीं भिन्न राहिले; आणि सर्वांत महत्त्वाचें, डाव कधीं संपला व कोणी जिंकला याचे नियम भिन्न राहिले. यांतील शेवटच्या बाबीकडे संग्राहकांचें लक्ष सर्वांत कमी जातें.

देशी चालीचे मुख्य नियम अनेक वाचकांस वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडून ठाऊक असतील. प्यादें पहिल्या चालीसही एकच घर जातें. किल्लेकोट नाहीं, त्याऐवजीं राजास शह बसण्यापूर्वीं एकदां घोड्याची चाल मिळते. प्यादें शेवटच्या घरीं पोंचलें म्हणजे ज्या उभ्या ओळींत तें पोंचलें त्या ओळीचें मोहरें होतें : कोपऱ्याच्या ओळींत हत्ती, दुसऱ्या ओळींत घोडा, तिसऱ्या ओळींत उंट, आणि मधल्या दोन्ही ओळींत वजीर. कांहीं ठिकाणीं तें मोहरें आधीं मेलेलें असलें तरच प्याद्यास शेवटच्या घरीं जातां येतें. प्रतिपक्षाजवळ केवळ राजा उरला म्हणजे डाव तेथेंच थांबतो. त्यास "बुर्जी" म्हणतात, आणि ती पूर्ण जीत नव्हे. तिची किंमत कोठें अर्धी जीत, तर कोठें बरोबरी. उलट प्याद्यानें केलेली मात, ती "प्यादेमात", मानाची.

राजास शह नाहीं, पण खेळावयास चालही नाहीं, ही "जिच". आज वर्तमानपत्रांत वाटाघाटींची जिच होते ती याच पटावरून तेथें गेली. जिचेचा निकाल काय धरावा याविषयीं देशोदेशीं मतभेद होते. इंग्लंडांतही सतराव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या आरंभापर्यंत जिच करणाराच हरला असें धरीत. आज ती सर्वत्र बरोबरी मानितात. "मनसुबा" हा आपला शब्दही याच घराण्यांतला आहे. अरबी बुद्धिबळग्रंथांत रचून ठेवलेल्या अखेरीच्या डावास तें नांव होतें. मराठींत तो बेताचा वाचक झाला.

या दोन चालींत अंतर किती आहे हें पाहण्यास पंजाबच्या सुलतान खानाचें उदाहरण पुरें आहे. देशी नियमांत वाढलेल्या या खेळाडूस युरोपीय चाल मागाहून शिकावी लागली. तरी त्यानें १९२९, १९३२ व १९३३ या तीन सालीं ब्रिटिश अजिंक्यपद मिळविलें, आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज येथील सामन्यांत कापाब्लांकासारख्या माजी जगज्जेत्यास हरविलें. त्याच्या आरंभाच्या चालींस नांवें ठेवणाऱ्यांनींही त्याचा अखेरीचा डाव वाखाणला. १९५१ सालीं अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला, १९५५ सालीं एलुरू येथें पहिली राष्ट्रीय स्पर्धा होऊन महाराष्ट्राचे रा. भ. सप्रे व आंध्रचे डी. वेंकय्या यांनीं पद वांटून घेतलें, आणि संघटित खेळांत युरोपीय नियमच कायम झाले. अर्थात् आजचा वाचक जुन्या पानाकडे पाहतो तो याच नियमांच्या चष्म्यांतून.

४

आतां मुख्य मुद्दा. बुर्जीच्या नियमाचा परिणाम असा कीं, देशी डावांत जिंकणाऱ्यास शत्रूचें शेवटचें मोहरें मारण्याची चोरी असते. तें मारलें कीं हातची मात गेली व बुर्जी पदरीं आली. म्हणून पूर्ण जीत हवी असलेला खेळाडू शत्रूचें एखादें प्यादें मुद्दाम जिवंत ठेवितो, आणि अखेरीचा डाव रचणाराही तसें प्यादें पटावर ठेवितो. युरोपीय नियमांनीं पाहणाऱ्यास तें प्यादें निरर्थक दिसतें.

उदाहरणासाठीं एक अगदीं साधी मांडणी आम्हींच देतों. ती कोणत्याही पोथींतली नव्हे. पांढऱ्याच्या बाजूनें बसून उभ्या ओळी डावीकडून उजवीकडे एक ते आठ, व आडव्या ओळी आपल्याकडून पलीकडे एक ते आठ मोजाव्या. पांढरा राजा सातव्या उभ्या ओळींत सहाव्या घरीं. पांढरा हत्ती पहिल्या उभ्या ओळींत पांचव्या घरीं. काळा राजा सातव्या उभ्या ओळींत आठव्या घरीं. आणि एक काळें प्यादें पांचव्या उभ्या ओळींत पांचव्या घरीं. चाल पांढऱ्याची.

हत्ती सरळ पुढें जाऊन आठव्या घरीं बसला कीं मात झाली : आडवी ओळ हत्तीनें धरली आहे व पुढचीं तिन्ही घरें पांढऱ्या राजानें. काळें प्यादें या मातेंत कोठेंच नाहीं. तें शह अडवीत नाहीं, राजाची वाट बंद करीत नाहीं, दुसरें उत्तर निघूं देत नाहीं असेंही नाहीं. शिवाय तें हत्तीच्या आडव्या रेषेंत उघडें पडलेलें आहे, घेतां येतें. आजचा खेळाडू म्हणेल कीं हें प्यादें लेखकाच्या नजरचुकीनें पडलें असावें, आणि तें गाळून डाव छापील.

परंतु प्यादें गाळतांच काय झालें? काळ्याजवळ एकटा राजा राहिला. म्हणजे देशी नियमानें डाव या मांडणीपूर्वींच संपून बुर्जी झालेली आहे. मात करावयास डावच उरला नाहीं. शिवाय ज्या विद्यार्थ्यासाठीं ती मांडणी काढली त्याची खरी परीक्षा त्या प्याद्यांतच होती : समोर फुकट दिसणारें प्यादें मारून अर्ध्या जितीवर समाधान मानतो, कीं तें सोडून मात करितो? संपादकानें सुधारणा म्हणून जें खोडलें तेंच त्या पानाचें मर्म होतें.

यावरून असें मात्र समजूं नये कीं हरणाऱ्याचें प्रत्येक एकाकी प्यादें देशी नियमाचा पुरावा आहे. दुसरी मांडणी पाहा. काळा राजा आठव्या उभ्या ओळींत पहिल्या घरीं, त्याच्याच पुढें दुसऱ्या घरीं त्याचें प्यादें. पांढरा राजा सहाव्या उभ्या ओळींत पहिल्या घरीं. पांढरा घोडा त्याच सहाव्या ओळींत पांचव्या घरीं. घोडा सातव्या ओळींत तिसऱ्या घरीं आला कीं मात होते, कारण काळ्या राजाची एक वाट त्याच्याच प्याद्यानें अडविली आहे. एकट्या घोड्यानें उघड्या राजावर मात होत नाहीं. येथें प्याद्यानेंच ती घडवून आणली. ही कल्पना युरोपांत प्रसिद्ध आहे. अलेप्पो येथील फिलिप स्टाम्मा यानें १७३७ सालीं पॅरिस येथें शंभर मांडण्यांचें पुस्तक छापलें, त्याचें नांव या मातेस जोडलेलें आहे. अशा मांडणींतील प्यादें दोन्ही नियमांत आवश्यक आहे. त्यावरून परंपरा ठरत नाहीं.

तेव्हां प्रश्न प्यादें आहे कीं नाहीं हा नसून, तें काढल्यास युरोपीय नियमानें कांहीं बिघडतें कीं नाहीं हा आहे. बिघडत असेल तर साक्ष मूक. बिघडत नसेल तर साक्ष देशी नियमाची.

५

दुसरी कसोटी बढतीची. युरोपीय डावांत कोपऱ्याच्या ओळींतलें प्यादें सर्वांत दुबळें समजतात. राजा व तें प्यादें एवढ्यावर पुष्कळदां बरोबरीच होते, कारण शत्रूचा राजा कोपऱ्यांत शिरून बसला कीं त्यास हुसकावतां येत नाहीं. देशी चालींत हिशेब उलटतो. कोपऱ्याचें प्यादें हत्ती होतें, आणि राजा व हत्ती मिळून मात करूं शकतात. दुसऱ्या ओळीचें प्यादें घोडा होतें व तिसऱ्या ओळीचें उंट. यांपैकीं कोणतेंही एकटें मोहरें राजाच्या मदतीनेंसुद्धां मोकळ्या राजास मात करूं शकत नाहीं. अर्थात् आठ उभ्या ओळींपैकीं चारच, म्हणजे दोन कोपऱ्यांच्या व दोन मधल्या, अखेरीस खऱ्या मोलाच्या ठरतात.

म्हणून ज्या पानांत पांढरा दुसऱ्या ओळींतील मोकळें प्यादें सोडून कोपऱ्याचें प्यादें पुढें ढकलतो, तेथें "खेळणारा अडाणी होता" असा शेरा मारण्यापूर्वीं देशी नियमानें डाव खेळून पाहावा. उलट दुसऱ्या ओळींत प्यादें पोंचवून त्याचा लगेच वजीर करणारें उत्तर असलें, तर तें उत्तर देशी परंपरेचें नव्हे. मग कागद कितीही जीर्ण व शाई कितीही फिकट असो.

प्याद्याच्या पहिल्या चालीची कसोटी याहून सोपी आहे, कारण ती मोजतां येते. मूळ घरीं असलेल्या प्याद्यास शेवटच्या घरापर्यंत देशी नियमानें सहा चाली लागतात. युरोपीय नियमानें पांच पुरतात. प्यादें व राजा यांची शर्यत असलेल्या डावांत एका चालीनें निकाल फिरतो. उत्तरांत चालींचे आंकडे दिलेले असतील तर ते मोजावे. मोजणीस मतभेद नसतो.

६

तिसरी कसोटी वजीर व उंट यांची, आणि ती फार जुन्या परंपरेपुरती आहे. प्राचीन चालींत वजीर तिरपा एकच घर जाई. पश्चिमेकडील जुन्या खेळांत उंटाच्या जागेचें मोहरें तिरपें दुसऱ्या घरीं उडी मारी. त्यास सबंध पटावर आठच घरें लाभत, आणि अशीं चारही मोहरीं एकमेकांस कधींच गांठूं शकत नसत. जुने हिंदी पट रंगीत घरांचे नसत, म्हणून ही गोष्ट नजरेस येत नाहीं. पण परीक्षकानें घरें मनांत काळीं-पांढरीं रंगवून पाहावीं. तसें केल्यास आणखी एक गोष्ट दिसते. दोन्ही वजीर समोरासमोर मांडले तर ते भिन्न रंगांच्या घरांवर पडतात, आणि एक घर तिरपें चालणारे असल्यामुळें परस्परांस कधींच मारूं शकत नाहींत. राजासमोर शत्रूचा वजीर अशी आडवीतिडवी मांडणी केली, तर दोन्ही वजीर एकाच रंगावर येतात व मारामारी शक्य होते. डावाच्या शेवटीं वजिरानें वजीर मारला असेल व बढती झालेली नसेल, तर आरंभींची मांडणी कोणती होती हें पटाचें चित्र नसतांही सांगतां येतें.

अशा डावाचें जगद्विख्यात उदाहरण बगदादच्या खलीफांच्या दरबारीं असलेल्या अस्-सूली याचें आहे. हा दहाव्या शतकाच्या पूर्वार्धांतला. त्याच्या एका मनसुब्यांत पटावर चारच मोहरीं आहेत : दोन राजे व दोन वजीर. हा डाव आपण शिकविल्यावांचून कोणास सुटणार नाहीं, अशी त्याची प्रौढी होती. आणि खरोखरच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रशियाच्या युरी आव्हरबाख यानें त्याची उकल प्रसिद्ध करीपर्यंत तो तसाच पडून होता. त्यांतील जीत मातेनें नाहीं. शत्रूचा वजीर टिपून त्यास एकाकी करण्यांत आहे. आजच्या वजिराच्या चालीनें हा डाव खेळून पाहणाऱ्यास त्यांत कांहींच अर्थ दिसणार नाहीं. हजार वर्षें तो अर्थ टिकला याचें कारण एवढेंच कीं, नकला करणाऱ्यांनीं मोहरीं जशींच्या तशीं ठेवलीं व "दुरुस्ती" केली नाहीं.

७

आमच्याकडील साधनांत या दृष्टीनें सर्वांत विचारणीय ग्रंथ त्रिवेंगडाचार्यशास्त्री यांचा. त्यांच्या विलासमणिमंजरी या संस्कृत ग्रंथाचें इंग्रजी रूप १८१४ सालीं, म्हणजे पेशवाई बुडण्यापूर्वीं चार वर्षें, मुंबईस छापून निघालें. या देशांतल्या पंडितानें बुद्धिबळाच्या अखेरींच्या मांडण्या गोळा करून त्या त्या काळीं छापाव्या, ही गोष्ट आदरास पात्र आहे. मरे यांनीं त्याचा भरपूर उपयोग केला तो योग्यच होय.

तथापि त्या इंग्रजी पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच, हे निबंध युरोपीय खेळाच्या पद्धतीस जुळवून घेतले आहेत, असें म्हटलेलें आहे. हें वाक्य पुस्तकविक्रीच्या सोयीचें असलें तरी परीक्षकानें तें न्यायालयांतील कबुलीजबाबाप्रमाणें वाचावें. जुळवून घेतलें म्हणजे मूळ कांहीं वेगळें होतें. म्हणून या पुस्तकाचा हवाला देऊन "मराठी राज्यांत बुद्धिबळ असें खेळत" असें सरसकट लिहिणें बरोबर नाहीं. त्यांतील जो डाव दोन्ही नियमांनीं सारखाच सुटतो तो दोहोंपैकीं कशाचीच साक्ष देत नाहीं. जो केवळ युरोपीय नियमानें सुटतो तो जुळवाजुळवीचा नमुना समजावा. आणि जो युरोपीय वेष घातल्यावरही देशी नियमाशिवाय समजत नाहीं, ज्यांत शत्रूचें एखादें प्यादें कारणावांचून जिवंत आहे, तोच मूळ परंपरेचा विश्वसनीय अवशेष होय. संस्कृत प्रत व इंग्रजी रूप समोरासमोर ठेवून, प्रत्येक मांडणी दोनदां खेळून, अशी त्रिविध वर्गवारी छापली गेली तर पेशवाईच्या अखेरच्या बुद्धिबळाविषयीं आज जें ढोबळपणें बोललें जातें त्यास पहिल्यानें आधार मिळेल. हें काम दोघांनीं मिळून करण्याचें आहे : एक पोथी वाचणारा व एक पट जाणणारा. एकाच्या अंगीं दोन्ही गुण असले तर उत्तमच.

८

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा कीं, नकलाकार खरोखरच चुकतात. मग प्रत्येक विसंगतीला जुन्या नियमाचा मान कां द्यावा? याचें उत्तर संख्येंत आहे. एका मांडणीवरून कांहींच सिद्ध होत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. पण एकाच हस्ताक्षराच्या बाडांत चार-पांच मांडण्या असतील, आणि त्या सर्वांत हरणाऱ्याचें एक निष्क्रिय प्यादें असेल, तर तो योगायोग नव्हे. चुका निरनिराळ्या दिशांनीं होतात. नियम एकाच दिशेनें बोट दाखवितो.

दुसरा आक्षेप असा कीं, देशी नियम खेड्यापाड्यांत विसाव्या शतकांतही चालू होते. तेव्हां या कसोटीनें परंपरा कळली तरी काळ कोठें कळला? हा आक्षेप खरा आहे व त्यानें आमच्या सिद्धांताची मर्यादाच सांगितली आहे. अखेरीचा डाव पान कोणत्या चालीचें हें सांगतो; तें केव्हां लिहिलें हें कागद, शाई, मोडीचें वळण व शेजारच्या मजकुरांतील तारखा यांवरूनच ठरवावें लागेल. दोन्ही पुरावे एकमेकांस पुष्टि देतील तेव्हांच निष्कर्ष काढावा. वजिराची चाल एक घराची निघाली तरी पान तितकें जुनें ठरत नाहीं. जुन्या ग्रंथाची नवी नक्कलही असूं शकते. परंतु परंपरा ठरल्यावांचून काळाचा प्रश्न विचारणेंच व्यर्थ आहे. फोर्ब्स यांनीं नेमका हाच क्रम उलटा केला.

संग्राहकांसाठीं व्यवहाराच्या चार गोष्टी सांगून लेख पुरा करितों. पटाचें पान बाडांतून सुटें करूं नये; मागचें व पुढचें पान कोणतें होतें याची नोंद ठेवावी, कारण नियमांचा उल्लेख बहुधा शेजारीं असतो. नक्कल करितांना मोहऱ्यांचीं नांवें जशीं लिहिलीं आहेत तशींच घ्यावीं. फर्जीचा वजीर किंवा फीलाचा हत्ती करूं नये. प्यादीं कोणत्या दिशेस चालतात हें उत्तरावरून ठरवून स्वतंत्र लिहावें. पट उलटा धरला गेल्यास सर्वच डाव बिघडतो व दोष नाहक लेखकाच्या माथीं येतो. आणि डाव जुळला नाहीं तर मूळ मांडणी जशीच्या तशी छापून आपली दुरुस्ती खालीं टीपेंत द्यावी. पटावर ज्याचा उपयोग आपणांस दिसत नाहीं असें एखादें प्यादें उभें असेल, तर त्यास हात लावण्यापूर्वीं तें कोणाच्या नियमानें उभें आहे याचा विचार व्हावा, एवढीच विनंती.